पाठमोरी नेल

थोरल्या बहिणीच्या, सीत्स्केच्या घरच्या संडासात, दाराच्या आतल्या अंगाला, बसलेल्या माणसाच्या नेमकं डोळ्यांसमोर, नेल टांगलेली होती. छातीवरून आडवा गेलेला रुंद पट्टा, मागे ताणलेला दोर, कालव्याकाठची चिखलवाट, आणि पाठ. आफ्केनं आत येऊन कडी लावली, दिवा लावला आणि ती उभीच राहिली. आपणच काढलेलं चित्र अवचित भेटलं की आधी ओळखच पटत नाही. दुकानाच्या काचेत पोक काढून चाललेली कुणी बाई दिसावी आणि दोन पावलं पुढं गेल्यावर कळावं की ती आपणच, तसं. चित्राखाली फेब्रुवारीच्या तारखा एकाखाली एक उतरल्या होत्या आणि आजच्या तारखेपुढं सीत्स्केच्याच गोल अक्षरात ‘सीत्स्के’ लिहिलं होतं. बाजूला दोऱ्याला बांधलेलं बॉलपेन लोंबत होतं. वाढदिवसांचं कॅलेंडर. ते ह्या देशात घरोघरी असतं आणि इथंच असतं. त्याला वार नसतात, साल नसतं. माणसं येतात, जातात, कॅलेंडर तेच. घरातलं प्रत्येकजण रोज एकदा तरी त्याच्यासमोर निवांत बसतं, म्हणून कुणी कुणाचा वाढदिवस विसरत नाही. तेव्हा हा मानच होता. रागवायला बोटभरसुद्धा जागा नव्हती, आणि आफ्केच्या कानशिलांपर्यंत राग चढला होता.

तिनं पान उलटलं. मार्चमध्ये कालव्याचे बंद दरवाजे आणि त्यांच्या फटींतून झिरपणारं पाणी. एप्रिलमध्ये जळाऊ मातीच्या विटा लादलेली नाव. मे महिन्यात धुकं. त्या धुक्यासाठी तिनं अख्खा हिवाळा घालवला होता, निबानं एकेक टिंब टेकवत. कागद किंचित तिरके दिसत होते, जूनच्या एका कोपऱ्यात फोनची सावली पडली होती. म्हणजे मागच्या उन्हाळ्यात. आफ्के सुट्टीवर गेली होती, कुंड्यांना पाणी घालायला किल्ली सीत्स्केकडे होती, आणि सीत्स्केनं कपाटातला चपटा खण उघडून तिची कित्येक वर्षं जमिनीवर मांडून फोटो काढले होते. प्रेमानंच काढले असणार. सीत्स्के सगळं प्रेमानंच करते, आणि विचारून काहीच करत नाही. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. जुलै, ऑगस्ट, पाठ, पाठ, दोर, पाणी. आणि डिसेंबरमध्ये नेल वळलेली होती. वळलेली होती आणि तिला चेहरा होता.

तो आफ्केनं काढलेला नव्हता. तिनं तिथं कोरी जागा सोडली होती, डोईच्या फडक्याखाली अंड्याएवढी पांढरी जागा. आता तिथं बॉलपेननं काढलेले दोन निळे ठिपके होते, मधे आकड्यासारखं नाक, आणि खाली एक रेघ, एका टोकाला जरा वर गेलेली. लहान मुलं भाताच्या गोळ्याला डोळे लावतात ना, इतकंच. आफ्के त्या ठिपक्यांकडे पाहत राहिली आणि ठिपके तिच्याकडे. तिला वाटलं, आपल्या घरात कुणीतरी परकं शिरून आपल्या पलंगावर झोपलंय, आणि वर गाढ घोरतंय.

बाहेरच्या खोलीत खुर्च्यांचं रिंगण मांडलं होतं. दर वाढदिवसाला मांडतात तसंच, भिंतीला पाठी लावून, जो तो ज्याच्या त्याच्या समोर. आल्या आल्या तिनं त्या रिंगणाला फेरी मारून प्रत्येकाशी हात मिळवला होता, बहिणीबद्दल अभिनंदन, बायकोबद्दल अभिनंदन, शेजारणीबद्दल अभिनंदन. जन्मलं कुणीही असो, अभिनंदन सगळ्यांचंच. लहानपणापासून तिला ह्या रिंगणाची धास्ती. तिथं लपायला कोपरा नसतो. मांडीवर केकची बशी, एका हातात कॉफी, आणि समोर सगळीकडे चेहरे, चावणारे, हसणारे, तिच्याकडून काहीतरी अपेक्षा करणारे. ती परत येऊन आपल्या खुर्चीत बसली तेव्हा समोरच मेहुणा बसला होता, वुबो. त्यानं आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही बोलतो ते शेजारच्या सीटवरून बोलल्यासारखं.

“भेटली वाटतं नेल,” तो म्हणाला.

“कुणी केलं ते?”

“कॅलेंडर? तुझ्या बहिणीनं. डिसेंबरात संत निकोलासच्या सणाला सगळ्यांना एकेक दिलं. तू तापानं पडली होतीस, म्हणून तुझं आजच्यासाठी राखून ठेवलंय. आता आश्चर्य संपलं.”

“चेहरा कुणी काढला?”

रिंगणातलं बोलणं पाणी आटल्यासारखं खाली गेलं. वुबोनं केकचा तुकडा गिळला. “मी,” तो म्हणाला. “अगं, अख्खा डिसेंबर तिच्यापुढं बसायचं होतं मला. बिनतोंडाची बाई, सकाळी सकाळी, हातभर अंतरावर. ना बघते, ना नजर वळवते. माझं पोट साफ होईना.”

सगळे हसले. शेजारच्या पोस्तमाबाई हसता हसता म्हणाल्या, “आमच्याकडे कोरीच आहे बाई. आमच्या ह्यांना काही अडचण आली नाही.”

“तुमच्या ह्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही,” वुबो म्हणाला. मग आफ्केकडे वळून, जरा नरम होत, “आणि चुकलं काय माझं? ती सीत्स्केच आहे ना?”

“कोण?”

“नेल. ही पाठ चाळीसेक वर्षं मी भांडी घासताना बघतोय. डावा खांदा वर. रागावली की अजून वर. तुझ्या चित्रात तो वरच आहे, जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत.”

“माझा खांदा वर नाही,” सीत्स्के स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिच्या हातात चीजचे तुकडे आणि सॉसेजची बशी होती. सगळ्यांनी तिच्या खांद्याकडे पाहिलं. तो वर होता.

 आफ्के निघायला कोट चढवत असताना सीत्स्के पॅसेजमध्ये तिच्या मागे आली, आणि घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाली, “खरंच मी आहे का ती?”

“मला माहीत नव्हतं.”

“मग वळव ना मला.”

“जमत नाही.”

“दिवसभर लोकांचे दात करतेस, आणि तोंड जमत नाही?”

परतीच्या आगगाडीत आफ्के खिडकीशी बसली. सीत्स्केचं लेउवार्डन मागे पडलं, सपाट हिरवी कुरणं, चर, त्यांत उभं राहिलेलं आकाश. दात. ते खरं होतं. दंतवैद्यांकडून प्लॅस्टरचे जबडे येत, आणि ती त्यांच्यावर मेणाचे, मग चिनीमातीचे दात बसवी. कुठल्या दाढेनं कडकड चावलं जातं, कोण झोपेत दात खातं, कोण एकाच बाजूनं जेवतं, सगळं तिला कळे. त्या जबड्यांच्या वर गाल असतात, डोळे असतात, हे तिनं मानून घेतलं होतं, पाहिलं नव्हतं. आणि घरी यावं तर नेलची ही कादंबरी. शाळेत सगळ्यांनी वाचलेली, सगळ्यांना अर्धवट आठवणारी. नवरा बुडून गेल्यावर नेल स्वतःच छातीला पट्टा लावून नाव ओढते, घोड्याचं भाडं परवडत नाही म्हणून, एका गावाहून दुसऱ्या गावाला, काठाकाठानं. मागे नावेत सुकाणूपाशी तिची लेक बसलेली, आणि सांगते ती लेकच. त्यामुळे पुस्तकभर नेलची पाठच दिसते. लेकीला कंटाळा आला की ती गुणगुणते,

ताणला गं दोर, आईचिया पाठी,
मागं माझी दिठी, सुकाणूला.

पाठीवरून लेक सगळं ओळखायला शिकते, भूक, थंडी, पैसे मिळाले की नाहीत, आई रडतेय की गातेय. आणि अगदी शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत, नेल पट्टा काढून टाकते. ‘आई वळली, आणि मी तिचा चेहरा पाहिला.’ संपलं. कसा चेहरा, ते नाही. ह्या एका ओळीवर देशातल्या निम्म्या मास्तरांनी निबंध लिहून घेतले. आफ्केच्या निबंधात नेल हसत होती. मास्तरांनी तांबड्या शाईत विचारलं होतं, कशावरून?

दर शनिवारी एक पान, एका पानाचं एक चित्र. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी छापणार नव्हतं. सुरुवात केली तेव्हा तिच्या केसांत पांढरा एकही नव्हता. आणि आता शेवटचं पान तेवढं राहिलं होतं, आणि गेलं वर्षभर राहिलंच होतं. ती स्वतःला सांगत आली, लेखकानं मोकळं सोडलं ते आपण का भरावं, प्रत्येक वाचकाची आपापली नेल असते, चेहरा काढणं म्हणजे चोरी. ऐकायला छान वाटायचं. वाचनालयातल्या मंडळात एकदा तिनं असं बोलूनही दाखवलं, तर दोघी-तिघींनी माना डोलावल्या. पण शनिवारी टेबलाशी बसलं की ते सगळं विरघळून जाई आणि उरे ती फक्त भीती, साधी, पोटातली, पोहता न येणाऱ्या माणसाला पाण्याची वाटावी तशी. शेवटचं पान झालं नाही, तर बाकीची सगळी पानं कशासाठी होती? नुसती पाठच काढता येते म्हणून जमवलेल्या पाठी? ह्याच्यापुढं तिचा विचार जात नसे. तिथं एक दार होतं आणि ती त्याच्यापुढं वर्षभर घुटमळत होती, आणि वुबो आतून बॉलपेन घेऊन बाहेर आला होता.

त्यानंतरचे शनिवार वाईट गेले. तिनं कोरा कागद घ्यावा, फडकं काढावं, गळ्याची शीर काढावी, हनुवटीची एक रेघ, आणि आत ते दोन ठिपके येऊन बसावेत, निळे, खोडकर, बेफिकीर. ती डोळे काढी ते ठिपक्यांचे होत. ओठ काढी, त्याचं एक टोक वर जाई. तिनं आईचे जुने फोटो मांडले. आई फोटोत नेहमी उन्हाकडे तोंड करून डोळे बारीक केलेली, चेहरा म्हणजे आठ्याच. तिनं आरसा मांडला. आरशात एक चिडलेली बाई होती, तिला नाव ओढायची नव्हती, तिला घरी जायचं होतं. एका शनिवारी तिनं निब इतकं दाबलं की ते दुभंगलं आणि शाई बाहीवर उडाली, आणि ती तशीच बसून राहिली, शाई बाहीत पसरताना पाहत. खाली कालव्यावरून सायकली जात होत्या. शेजारच्या घरातला पोरगा बासरीवर एकच ओळ घोळवत होता, तीच, परत तीच, नेमका तिसऱ्या सुरावर अडकत. तिला वाटलं, उठून त्याच्या दारावर थाप मारावी आणि म्हणावं, सोड रे बाबा. किंवा म्हणावं, सोडू नकोस. तिला ठरवता येईना.

आणि ह्या सगळ्याखाली, तळाशी, बर्फ होता. वुबो बोलला नसता तर तिला कधी आठवलं नसतं. कालवे गोठायचे आणि त्यांवरून स्केट्स घालून घसरत जायचं, ते हिवाळे. बोचऱ्या वाऱ्यात सीत्स्के पुढं आणि ती मागे, हात पाठीशी बांधून, इतकी जवळ की नाक तिच्या निळ्या कोटाला लागेल. वारा फोडायचं काम मोठीचं. धाकटीनं फक्त आडोशाला राहायचं आणि पावलाला पाऊल जुळवायचं. कोटाला ओल्या लोकरीचा वास, मधोमध शिवण, आणि ती शिवण डावीकडे जराशी ओढलेली, कारण सीत्स्के वाऱ्याला खांदा देऊन जायची. मैलोन्‌मैल आफ्केनं जग म्हणून तेवढंच पाहिलं होतं. गावं गेली, पूल गेले, पुलांवरची माणसं गेली, ती शिवण राहिली. घरी पोचल्यावर सीत्स्केचे गाल लाल, सालटं निघालेले, ओठ फाटलेले असणार. असणारच, एवढा वारा खाल्ल्यावर. पण ते तिला आठवत नव्हतं. कितीही खोदलं तरी ते आठवत नव्हतं. तिनं पाहिलंच नव्हतं. आत शिरल्याबरोबर ती चुलीकडे धावलेली.

मग तिनं फोन केला. “येशील?” म्हणाली. “बसायला. चित्रासाठी.”

“थांब, डायरी बघते,” सीत्स्के म्हणाली, आणि पानं उलटल्याचा आवाज आला. सख्ख्या बहिणीसाठीही डायरीत जागा काढावी लागते, ह्याचं दोघींपैकी कुणालाच काही वाटलं नाही. “ह्या महिन्यात नाही जमत. पुढच्यात, दुसऱ्या शनिवारी? दहाला? पण दुपारी मला निघायला हवं. आणि सूप मी आणते, तुझ्याकडे खायला काही नसतं.”

ती दहाला आली, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, वाटाण्याच्या सुपाचं भांडं पिशवीत उभं धरून, आल्या आल्या ते चुलीवर चढवलं, खिडकीच्या चौकटीवरची धूळ बोटानं पुसली, आणि मग खुर्चीत बसली, वाढदिवसाच्या रिंगणात बसतात तशी, गुडघे जुळवून.

“कशी बघू?”

“माझ्याकडे बघ.”

“हसू?”

“नको.”

“मग काय करू चेहऱ्याचं?”

“काही करू नकोस. असू दे.”

पण सीत्स्केच्या चेहऱ्याला असू देणं ठाऊक नव्हतं. तो बोलत होता, गप्प असतानाही. भुवई खिडकीबाहेरच्या कुणाला तरी नावं ठेवी, ओठ सुपाची चव आठवून आत ओढले जात. आफ्केनं डोळा काढावा तर डोळा पुढं निघून गेलेला. तिनं कागद बाजूला टाकला, दुसरा घेतला. तो टाकला. खाली जमिनीवर अर्धे चेहरे जमू लागले, एक नाक, दीड गाल, आणि प्रत्येकावर तेच, कुठंतरी कोपऱ्यात, ते एक वर गेलेलं टोक. आपल्या हाताचा तिला संताप आला. ह्याच हातानं तिनं धुकं काढलं होतं.

“दाखव,” सीत्स्के म्हणाली.

“नाही.”

“इतके वाईट आहेत?”

“मुडदे आहेत.” आफ्केनं पेन खाली ठेवलं.  “वळ जरा,” ती म्हणाली. “खिडकीकडे तोंड कर. पाठ काढते. निदान काहीतरी होईल आज.”

सीत्स्के वळली नाही. खुर्चीत आणखी टेकून बसली, आणि तिचा डावा खांदा वर गेला.

“नाही,” ती म्हणाली. “पाठी पुष्कळ झाल्या. एवढ्या लांबून आलेय मी.”

“मला चेहरा येत नाही, सीत्स्के. येतच नाही. एवढ्या वर्षांत आला नाही.”

“मग वाईट काढ.”

“काय?”

“वाईट काढ ना. वुबोनं काढलाच की. त्याला लाज वाटली? संडासात बसून काढला. तू टेबलाशी बसून काढ.” ती थांबली. “मी काय सुंदर आहे म्हणून आले का इथं? मला वाटलं, तू एकदा तरी बघशील.”

चुलीवर सूप उकळायला लागलं होतं. झाकण थडथडत होतं. सीत्स्केचं लक्ष तिकडे गेलं, आफ्केनं ते पाहिलं, डोळे बाजूला पळताना पाहिले आणि परत येताना पाहिले. परत आले तेव्हा ते पाण्यानं भरलेले नव्हते, रागावलेलेही नव्हते. ते वाट पाहत होते, आणि वाट पाहून त्यांना कंटाळा आलेला होता, आणि हे सगळं लपवायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आफ्केनं पेन उचललं. तिनं डोळा काढला, तो मोठा झाला. दुसरा काढला, तो लहान राहिला आणि खाली उतरला. तिनं काहीच दुरुस्त केलं नाही. नाक आलं ते आईचं आलं. तोंड अर्धं उघडं राहिलं, कारण सीत्स्के तेव्हा म्हणत होती की सूप लागेल. हनुवटी जागेवर नव्हती. गालावर शाईचा एक डाग पडला, तो तसाच राहिला. कागदाच्या तळाशी तिनं पुस्तकातल्या शेवटच्या पानाचा आकडा लिहिला, तोही वाकडाच, आणि कागद फिरवून बहिणीसमोर धरला.

सीत्स्केनं बराच वेळ पाहिलं. चष्मा वर केला, खाली केला.

“ही मी नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“नेलही नाही.”

“नाही.”

“मग कोण आहे ही बाई?”

“माहीत नाही,” आफ्के म्हणाली. तिनं तो कागद जमिनीवर टाकला नाही. वाळायला खिडकीच्या चौकटीवर ठेवला, तोंड खोलीकडे करून. करपलेल्या वाटाण्यांचा वास स्वयंपाकघरातून येऊन दोघींच्या मधे उभा राहिला. सीत्स्केच्या नाकपुड्या फुलल्या. तिचे हात खुर्चीच्या हातांवर गेले, उठण्यासाठी टेकले.

“अजून थोडं बस,” आफ्के म्हणाली आणि तिनं नवा कागद ओढला.

सीत्स्केनं एकदा चुलीकडे पाहिलं. मग हात मांडीवर घेतले, आणि ती बसली.